मोठी गाडी द्यावी की ठेवावी?

वस्तू आणि सेवा कराच्या दरांची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली आणि छोट्या मोटारींच्या किमती एकदम उतरल्या. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल वा सीएनजी मोटारींवर, तसेच त्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर त्यापूर्वी २८ टक्के कर आणि वर १ ते ३ टक्के उपकर द्यावा लागत असे. त्याऐवजी १८ टक्के कर लागू झाला. साहजिकच, ज्या घरांच्या दारात सात आसनी डिझेल गाडी उभी आहे, तेथे एक जुना प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. ही गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी आणि कमी इंधन पिणारी छोटी मोटार आणावी काय?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. मोठी गाडी लिटरला बारा किलोमीटर जाते, छोटी अठरा जाते. मग विचार कसला करायचा? पण कागद-पेन्सिल घेऊन बसले की हे सोपे उत्तर अनेक घरांच्या बाबतीत खोटे ठरते आणि काही थोड्या घरांच्या बाबतीत मात्र पुरेपूर खरे ठरते. आपण यांपैकी कोणत्या घरात आहोत, हे ओळखणे एवढाच या निर्णयाचा गाभा आहे.

या मोठ्या गाड्या दारात आल्या कशा, हे आधी पाहावे लागेल. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले; डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये १८ पैशांवर गेले, तेव्हा डिझेल ४० रुपये ९१ पैशांना मिळत होते. म्हणजे लिटरमागे तब्बल ३२ रुपयांचा फरक. त्या काळात मोठी डिझेल गाडी घेणे हा चैनीचा नव्हे, तर व्यवहाराचा निर्णय होता. पुढे दोन्ही इंधनांचे दर एकमेकांजवळ सरकले. २०२५ मध्ये मुंबईत हा फरक साडेतेरा रुपयांच्या आसपास उरला होता. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर डिझेल इंजिने महागली आणि देशातील सर्वांत मोठ्या मोटार उत्पादकाने डिझेल गाड्या बनविणेच थांबविले. ज्या गणितावर मोठी गाडी घेतली गेली, ते गणितच बदलले. म्हणून हा प्रश्न विचारणे गैर नाही.

चूक होते ती आकडा वाचण्यात. आपल्याकडे गाडी किती 'ॲव्हरेज' देते, असे विचारतात; म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर. हे माप फसवे आहे. लिटरला आठ किलोमीटर जाणारी गाडी देऊन बारा जाणारी घेतली, तर वाढ चार किलोमीटरची. सोळा जाणारी देऊन चोवीस जाणारी घेतली, तर वाढ आठ किलोमीटरची. दुसरा सौदा दुप्पट चांगला वाटतो. प्रत्यक्षात वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाचे पहिल्या सौद्यात सुमारे ४१७ लिटर इंधन वाचते आणि दुसऱ्यात अवघे २०८ लिटर. वाढ दुप्पट, बचत निम्मी! अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अभ्यासकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हाच दृष्टिभ्रम दाखवून दिला. त्यानंतर तेथील नव्या मोटारींच्या काचेवरील पत्रकात १०० मैलांना किती गॅलन इंधन लागते, हा आकडाही छापला जाऊ लागला. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर, हेच माप रूढ आहे. आपणही गाडी तोलताना 'लिटरला किती' हे विसरून 'वर्षाला किती लिटर' असे विचारले, तर निम्मा गोंधळ दूर होईल.

आता एक साधा हिशेब मांडू. सोयीसाठी डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. सात आसनी डिझेल गाडी शहरात लिटरला १२ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. छोटी पेट्रोल मोटार १८ जाते, म्हणजे पाच रुपये ८३ पैसे. फरक एक रुपया ६७ पैशांचा. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची बचत होते सुमारे १६,७०० रुपये. महिन्याला चौदाशेच्या आत. येथे लिटरमध्ये दिसणारी बचत रुपयांत आक्रसते, कारण डिझेलवरून पेट्रोलवर जाताना आपण महाग इंधनाकडे जात असतो.

दुसऱ्या बाजूला, समजा जुन्या गाडीचे सहा लाख रुपये आले आणि नवी छोटी मोटार रस्त्यावर येईपर्यंत साडेआठ लाखांना पडली. खिशातून अडीच लाख गेले. ही रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली असती, तर वर्षाला १७,५०० रुपये व्याज मिळाले असते. म्हणजे इंधनात जे वाचले, त्याहून थोडे अधिक व्याजातच गेले. कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर विचारायलाच नको. केवळ इंधनाच्या बचतीतून हे अडीच लाख भरून निघायला पंधरा वर्षे लागतील. तोवर नवी गाडीही जुनी होऊन नोंदणीच्या नूतनीकरणाला आलेली असेल.

तेच कुटुंब वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरत असेल, तर चित्र पालटते. बचत ४१,७०० रुपयांवर जाते आणि सहा वर्षांत पैसे वसूल होतात. सीएनजी मोटार घेतली, ती किलोला २५ किलोमीटर गेली आणि गॅसचा दर ८० रुपये धरला, तर खर्च किलोमीटरला तीन रुपये वीस पैशांवर येतो. अशा मोटारीला एक लाख रुपये जास्त मोजावे लागले, तरी पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाला लाखाहून अधिक बचत होते आणि सव्वातीन वर्षांत हिशेब चुकता होतो. दहा हजार किलोमीटरवाल्याला मात्र त्यासाठी आठ वर्षे थांबावे लागते. शिवाय डिकीतील सिलिंडर आणि पंपावरची रांग सांभाळावी लागते ती वेगळीच.

या हिशेबात दोन्ही बाजूंना काही भर घालावी लागेल. मोठ्या गाडीचा विमा, टायर, गॅरेजचा खर्च जास्त असतो. तो छोट्या मोटारीच्या बाजूने धरायला हवा. पण नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक घसरते, तर जुन्या गाडीने ही घसरण आधीच सोसलेली असते. महाराष्ट्रात नवी खासगी मोटार नोंदवताना एकरकमी वाहन कर भरावा लागतो. पेट्रोल गाड्यांना हा कर किमतीच्या ११ ते १३ टक्के आहे आणि जुन्या गाडीवर भरलेला कर ती विकताना वेगळा हाती येत नाही. शोरूममधील पत्रकावर छापलेला ॲव्हरेजचा आकडा हा प्रयोगशाळेतील रोलरवर, ठरावीक चक्रात गाडी चालवून काढलेला असतो. सिंहगड रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर सायंकाळी सात वाजता तो आकडा मिळत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळेही, अशा इंधनासाठी जुळवलेल्या गाडीचे ॲव्हरेज एक ते दोन टक्क्यांनी उतरते, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील अंदाज आहे. तेव्हा तुलना करायची तर जुन्या गाडीचा स्वतः मोजलेला आकडा आणि नव्या गाडीचा ती वापरणाऱ्याने सांगितलेला आकडा यांची करावी. एकीकडे अनुभव आणि दुसरीकडे जाहिरात, अशी तुलना नेहमीच जाहिरातीच्या बाजूने झुकते.

विकण्याची वेळ हा तर आणखी नाजूक भाग. याचा धडा अमेरिकेने २००८ मध्ये घेतला आहे. त्या वर्षी ११ जुलैला कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, पेट्रोलने गॅलनला चार डॉलरची पातळी ओलांडली आणि थोराड गाड्या विकायला एकच झुंबड उडाली. जनरल मोटर्सने त्याआधीच, जूनच्या आरंभी, अशा गाड्या बनविणारे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली होती. सगळेच विकायला निघाले म्हणून जुन्या मोठ्या गाड्यांचे भाव कोसळले. छोट्या मोटारींना मात्र मागणी होती, त्यामुळे त्यांच्यावर सूट मिळेना. डिसेंबरमध्ये तेल ४० डॉलरच्या खाली आणि पेट्रोल गॅलनला दोन डॉलरच्या आत आले. जुलैत घाईने गाडी फुंकून टाकणाऱ्यांनी स्वस्तात विकले आणि महागात घेतले.

आपल्याकडे २०२५ मध्ये कारण वेगळे होते, पण परिणामाची दिशा काहीशी तशीच. नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या गाडीचा भावही खाली ओढला जातो. शिवाय कर केवळ छोट्या मोटारींवरचाच घटला नाही. मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. नवी मोठी गाडीच स्वस्त झाल्यावर जुन्या मोठ्या गाडीला पूर्वीचा भाव कोण देणार? एक्स्चेंजच्या टेबलावर 'छोटी गाडी एवढ्याने स्वस्त झाली' हे ठळकपणे सांगितले जाते. 'तुमची गाडी एवढ्याने उतरली' हे मात्र हलक्या आवाजात सांगितले जाते.

येथवर झाला घराचा हिशेब. देशाचा हिशेब याहून निराळा आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे छोटी मोटार घेणे हे देशहिताचेही आहे, असे मानण्याकडे कल असतो. पण विकलेली गाडी रस्त्यावरून नाहीशी होत नाही; ती फक्त दुसऱ्याच्या दारात जाते आणि तेथे तितकेच डिझेल पिते. अमेरिकी सरकारला हे ठाऊक होते. म्हणूनच २००९ मध्ये जुन्या गाड्यांच्या बदल्यात साडेतीन ते साडेचार हजार डॉलर देणारी योजना आणताना, घेतलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ते कायमचे निकामी करण्याची अट घालण्यात आली. तीन अब्ज डॉलर खर्चून पावणेसात लाखांहून अधिक गाड्या बदलल्या गेल्या. दिलेल्या गाड्यांची सरासरी लिटरला सुमारे पावणेसात किलोमीटर होती, घेतलेल्यांची साडेदहाच्या पुढे. पण पुढील अभ्यासांत असे दिसले की, यांतील बरीच खरेदी पुढच्या काही महिन्यांत होणारच होती. ती फक्त अलीकडे ओढली गेली. आपल्या २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणातही गाडी भंगारात दिल्याचे प्रमाणपत्र असल्यास नव्या खासगी गाडीच्या वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. तथापि सहा लाखांना विकली जाणारी धडधाकट गाडी भंगारात कोण घालेल?

शिवाय अशी गाडी पुढे कोणाच्या कामी येते, हेही पाहायला हवे. तालुक्याच्या गावी ती दहा-बारा जणांच्या कुटुंबाची एकुलती एक गाडी होते. कुठे नियम धाब्यावर बसवून वडापला लागते. पुण्यात एकटा माणूस कार्यालयात नेत असलेली तीच गाडी तेथे सात-आठ माणसे वाहते. माणशी इंधनाचा विचार केला, तर भरलेली सात आसनी गाडी एकट्याने चालवलेल्या छोट्या मोटारीपेक्षा कितीतरी काटकसरीची ठरते. म्हणजे उधळपट्टी बहुधा गाडीत नसून रिकाम्या आसनांत असते. देशात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहने 'युटिलिटी' प्रकारातील होती. त्यांतील असंख्य गाड्या रोज एका माणसासाठी रस्त्यावर उतरतात.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा असावा. प्रथम गेल्या वर्षभरात गाडी किती किलोमीटर चालली, हे सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरून पाहावे. अंदाज येथे उपयोगाचा नाही. बहुतेक जण स्वतःचा प्रवास फुगवून सांगतात. मग त्यांतील किती फेऱ्यांत चारपेक्षा जास्त माणसे होती, हे मोजावे. वर्षाला दहा हजारांच्या आत फिरणाऱ्याने, गाडी नीट चालत असेल तर, केवळ ॲव्हरेजसाठी ती देऊ नये. ती वापरत राहणे आणि रोजच्या एकट्याच्या फेरीसाठी लोकल, मेट्रो किंवा दुचाकी पाहणे हे अधिक स्वस्त पडेल. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर, तेही बहुतांशी एकट्याने आणि शहरात चालवणाऱ्याने मात्र दिरंगाई करू नये. त्याचा तोटा दर महिन्याला होत आहे. ज्यांची गाडी मोठ्या दुरुस्तीला किंवा पंधरा वर्षांच्या नोंदणी नूतनीकरणाला आली आहे, त्यांच्यापुढे प्रश्नच वेगळा आहे. त्यांना खर्च तसाही करायचा आहे, आणि अशा वेळी छोट्या मोटारीची बाजू निश्चितच वरचढ ठरते.

करकपातीने निर्माण केलेली घाई या तिन्ही गटांना सारखीच लागू होते असे भासवले जाते. कराचा लाभ गाडी घेतानाच्या किमतीत एकदाच मिळतो. इंधनाचा खर्च किलोमीटरनुसार वर्षानुवर्षे होत राहतो. पहिल्याकडे पाहून दुसऱ्याचा निर्णय घेतला, तर बचतीसाठी आणलेली मोटार हप्त्यांच्या रूपाने बचतच खाऊ लागेल, हे ध्यानात घेतलेले बरे.