दगड कोणाच्या अंगावर आला?



'खडतर बालपणातून यशाच्या शिखराकडे' असा मथळा दिसला की मी पान उलटतो. हा मथळा खास आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. (आरक्षणाच्या नावानं ज्यांच्या पोटात दुखतं त्यांनीच हे आरक्षण देऊन टाकलंय, बिनबोभाट.) वरच्या आळीतलं पोरगं दिग्दर्शक झालं तर त्याच्या सिनेमाबद्दल लिहितात. आपलं झालं तर त्याच्या घरच्या गळक्या छपराबद्दल लिहितात. नागराज मंजुळेच्या बाबतीत हेच चाललंय. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं जेऊर, वडाराचं घर, दगड फोडणाऱ्यांची जात. बस्स, एवढ्यावर रकाने भरतात. वाचणारा हळहळतो, चहा संपवतो आणि पेपर रद्दीत टाकतो. त्याला बरं वाटतं, कारण पोरगं वर आलं म्हणजे व्यवस्था काही इतकी वाईट नसणार.

गरिबीनं कोणी दिग्दर्शक होत असता तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरटी एक दिग्दर्शक निघाला असता. गरिबीनं माणूस पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या वावरात फवारणीला जातो. 2017 च्या हंगामात ह्याच जिल्ह्यात कपाशीवर औषध मारता मारता वीसावर माणसं मेली. कित्येक डोळ्यांनी अधू होऊन दवाखान्यात पडली. त्यातले बरेच मजूर होते, ज्यांच्या नावावर तासभर जमीन नाही. तेव्हा आमच्याकडं कॅमेरे आले. रडणारी बाई, रिकामा पंप, भिंतीवरचा हार घातलेला फोटो एवढं घेतलं आणि गेले. आमच्या जिल्ह्याकडं कॅमेरा यायचा असेल तर आधी कोणीतरी मरावं लागतं, हा नियमच पडून गेलाय.

म्हणून प्रश्न बालपणाचा नाही. कॅमेरा कोणाच्या खांद्यावर आहे आणि तो कोठे उभा आहे, हा प्रश्न आहे.

आपण सिनेमात नव्हतो असं नाही. 1936 साली 'अछूत कन्या' निघाला. अस्पृश्याची पोरगी देविका राणी झाली होती, आणि शेवटी ती रेल्वेखाली मरते. 1959 साली बिमल रॉयचा 'सुजाता'. तिथं पोरगी नूतन, आणि ती वाढवणाऱ्या बाईला रक्त देते तेव्हा कुठं घरातली होते. म्हणजे आपल्या पोरीनं एकतर मरायचं नाहीतर रक्त काढून द्यायचं. मग प्रेक्षकांचे डोळे पाणावणार. रॉयच्या हेतूबद्दल मला शंका नाही, माणूस भला होता. पण कॅमेरा वाड्याच्या ओसरीवर उभा राहून गावकुसाबाहेर पाहत होता. जागा ओसरीची असली की भल्या माणसालाही तेवढंच दिसतं.

नागराज मुळात कवी, हे आपल्या अनियतकालिकवाल्यांनी विसरू नये. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा संग्रह काढला, अहमदनगरला जनसंवाद शिकला. मग 'पिस्तुल्या' नावाचा लघुपट, शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारध्याच्या पोराचा. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत लघुपटांच्या गटात दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार त्याला मिळाला. आणि 2013 साली 'फँड्री'.

'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या कैकाड्याचा. जत्रेच्या तोंडावर गावातली डुकरं धरायचं काम त्याच्या बापाच्या गळ्यात पडतं, आणि ज्या पोरीवर जब्याचा जीव आहे तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर, शाळेच्या पोरांसमोर त्याला डुकरामागं धावावं लागतं. राष्ट्रगीत सुरू होतं आणि कैकाड्याचं घरच्या घर सावधान उभं राहतं. डुक्कर निघून जातं. पुढं मेलेलं डुक्कर दांड्याला टांगून घरचे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, आमच्या शेजारच्या अमरावतीचे गाडगेबाबा. कोणी भाषण करत नाही. बाबासाहेबांचा फोटो आपण हजार सिनेमांत कचेरीच्या भिंतीवर शोधला असेल. तो डुकराच्या मागं असा दिसेल हे स्वप्नातही नव्हतं.

आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो चिडवणाऱ्या पोरावर फेकतो, पण येतो थेट पडद्यातून बाहेर. अंधार.

2014 च्या फेब्रुवारीत मी तो यवतमाळात पाहिला. पंधरा-वीस माणसं असतील. दगड आला तेव्हा माझ्या सोबतचे कार्यकर्ते उठून टाळ्या वाजवायला लागले. 'हाणला बे! सवर्णांच्या टाळक्यात हाणला!' मी बसून राहिलो. त्यांना वाटलं मी रडतोय. मी रडत नव्हतो. दगड मला लागला होता.

हे मी आजवर कोणत्याही मंचावर बोललो नाही. आता लिहितो.

14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मी सातवीत होतो. आमच्या बौद्धवाड्यात पेढे वाटले, निळ लावली, रात्रभर भीमगीतं झाली. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांची गोष्ट. शाळेच्या पटांगणात डुकरं शिरली म्हणून गावातून कैकाड्याला बोलावणं गेलं. त्याचं पोरगं माझ्या वर्गात, तरटपट्टीवर माझ्या शेजारी. बाप एकटा पडला म्हणून त्याला वर्गातून उठवून नेलं. डुक्कर धरलं, पोरानं मागची तंगडी दाबून धरली, डुक्कर किंचाळत होतं आणि आम्ही सगळी शाळा कंपाउंडाला लटकून ओरडत होतो, 'डुकऱ्या! डुकऱ्या!' पाटलाची पोरं ओरडत होती, कुणब्याची ओरडत होती. मीही. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्या पोट्ट्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. केवढं गोड वाटलं होतं!

पोरगं पुढं शाळेत आलं नाही. मी शिकलो, बाबासाहेब वाचला, चळवळीत आलो, संपादक झालो. माझी भाषणं ऐका, 'दलित' शब्दाची व्याख्या मी झोपेत सांगू शकतो. 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं ती केवढी रुंद केली होती! अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, भूमिहीन, कामगार, स्त्रिया. त्या रुंद व्याख्येत कैकाड्याचं पोरगं बसत होतं. आमच्या वाड्यातल्या पंगतीत मात्र बसत नव्हतं.

आणखी एक गंमत ऐका. उर्वरित महाराष्ट्रात कैकाडी विमुक्त जातीत मोडतात. पण यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वर्धा, नागपूर, भंडारा आणि राजुरा वगळता चंद्रपूर, ह्या आमच्या विदर्भाच्या यादीत ते अनुसूचित जात आहेत. नगरकडचा जब्या सरकारी कागदावर विमुक्त. आमच्या गावचा जब्या कागदावर माझा सख्खा भाऊ, एकाच यादीतला. दाखला काढायला आम्ही एकाच खिडकीसमोर उभे राहतो, पण मागंपुढं. आमच्या किती मोर्चांत कैकाडी होते? मांग होते? पारधी होते? 'ते हागणदारीतलं डुक्कर खातात' असं नाक मुरडून आपल्याच बायाबापड्या बोलतात, आणि आपण ऐकून घेतो. उतरंडीतलं वरचं मडकं आपल्याला दिसतं, खालच्यावर आपला किती भार पडतो हे दिसत नाही.

'सैराट'चं काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. 2016 साली गावोगावची पोरं पडद्यासमोर नाचली. शेवटी थिएटर थंडगार व्हायचं, पण बाहेर आल्यावर आमच्या पोट्ट्यांनी उचललं काय, तर केसाची ठेवण आणि मोबाईलची रिंगटोन. त्यात दोष सिनेमाचाही थोडा असेल. गाणी इतकी गोड की ती घरी नेता येतात, शेवट नेता येत नाही. 'फँड्री'त असं नेण्यासारखं काही नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. 'झुंड' (2022) लांबलेला आहे, आणि अमिताभ बच्चन असला की पोरं मागं पडतात की काय असं वाटत राहतं. पण त्यात नागपूरची झोपडपट्टी आहे, आपल्या बोलीत शिव्या देणारी अस्सल पोरं आहेत, वाजतगाजत साजरी होणारी भीमजयंती आहे. आणि एक गोंडाची पोरगी, बापाबरोबर स्वतःच्या ओळखीचा कागद मिळवायला वणवण हिंडणारी. झरी-जामणीच्या, मारेगावच्या पोडावर, गुड्यावर जा, ते दृश्य रोज मोफत दिसतं. आपल्यापैकी कोणी ते लिहिलं? नाही लिहिलं. वडाराच्या पोरानं जेऊरहून येऊन दाखवलं.

ह्या अंकासाठी लेखांचा ढीग आला. निम्मे 'नागराज : एक झंझावात' थाटाचे. कैकाडी, पारधी, गोंड, कोलाम यांच्यापैकी एकाचंही पाकीट नाही. मागच्या महिन्यात मी गावी गेलो. दहादा गेलो असेन ह्या तीस वर्षांत, त्याच्या घरी पहिल्यांदा. तुराट्याच्या टोपल्यांचा धंदा प्लास्टिकनं बसवला, आता तो हंगामात कापसाच्या गाडीवर हमाली करतो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच, 'फँड्री पाह्यला का?'

'पाह्यला ना. पोट्टीच्या मोबाईलवर. दोर टाकनं काही बराबर नाही त्याइचं. असं डुक्कर सापडत नसते. पन बापाचे डोये बराबर हायेत.' मग जरा थांबून म्हणाला, 'त्या पोट्ट्याच्या हाती दगड तरी होता. माह्या हाती तंगडी होती. सोडली असती तं बापानं मलेच हानलं असतं.'

'मीबी होतो तिथं,' मी म्हणालो.

'मालूम हाये. तुयाच आवाज मोठा होता.'

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. पोरीला चहा मांडायला सांगितलं. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, दारव्ह्याला जाऊन-येऊन शिकते. बाप सांगेल आणि ती लिहील असं ठरलं. पुढच्या अंकातली चार पानं तिची. तिची अट एकच आहे, भाषा सुधारायची नाही. मी कबूल केलंय.

जयभीम.