विश्लेषण : पाळीव कुत्रा सतत कुईकुई का करतो? हट्ट, सवय की दुखणे?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी अकराला संदेश येतो, ‘तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा पुन्हा सुरू झाला.’ मालक तेव्हा कामावर असतो. संध्याकाळी तो घरी येतो, शेजाऱ्यांची बोलणी खातो आणि राग कुत्र्यावर काढतो. अकराचे रडणे आणि सातचा फटका यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. घरी आलेला माणूस मारतो, एवढेच त्याला कळते. दुसऱ्या दिवशी तो आणखी रडतो. आवाज कमी करायचा असेल, तर आधी त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा.

कुईकुई म्हणजे नेमके काय?

अनोळखी माणूस दिसला की कुत्रा भुंकतो, खाण्याजवळ कोणी आले की गुरगुरतो, शेपटीवर पाय पडला की केकाटतो. रात्री त्याने हेल काढला की आपण त्याला अपशकुन ठरवतो. कुईकुई या सगळ्यांहून जुनी. जन्मलेल्या पिल्लाचे डोळे आणि कान बंद असतात. थंडी वाजली, भूक लागली की ते कुईकुई करते आणि आई त्याला जवळ घेते. मोठेपणी आईची जागा आपण घेतो. त्यामुळे हा आवाज म्हणजे बहुतेक वेळा मागणे असते, उद्धटपणा नव्हे.

कारण कसे ओळखायचे?

आवाजाबरोबर वेळ, जागा आणि शरीर पाहावे. पट्टा हातात घेताच शेपटी हलवत केलेली कुईकुई ही अधीरता. दाराशी घुटमळत केलेली बहुधा शू-शीची निकड. शेपटी पायांत, कान मागे, धाप लागलेली आणि सारखे ओठ चाटणे, ही भीती. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती अनेक घरांत दिसते.

एरवी शांत असणारा कुत्रा अचानक कण्हू लागला, तर आधी दुखणे गृहीत धरावे. कान, दात, पोट, सांधे किंवा मूत्रमार्ग यांपैकी काहीही असू शकते. खाणे सोडणे, जिन्यापाशी थबकणे, सारखा कान खाजवणे या खुणा दिसल्या तर पशुवैद्याकडे न्यावे. घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्यांसाठी विषारी ठरते. म्हातारा कुत्रा रात्री घरभर फिरत रडत असेल, तर तो वयामुळे मेंदूत होणारा बदल असू शकतो. त्यावरही डॉक्टर मदत करू शकतात.

सवय आपणच लावतो का?

अनेकदा, होय. जेवताना कुत्रा कुईकुई करतो, आपण पोळीचा तुकडा टाकतो आणि तो धडा पक्का होतो. घरात आई ‘नाही’ म्हणते आणि आजोबा हळूच बिस्कीट देतात, तेव्हा तो अधिकच पक्का होतो. नऊदा नकार आणि दहाव्यांदा होकार मिळाला, की कुत्रा दहाव्या वेळेची वाट पाहायला शिकतो. कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय लवकर सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले होते. देणे थांबवल्यावर आवाज काही दिवस वाढतो. नेमके तिथेच घरचे हार मानतात.

मग करायचे काय?

दुखणे नाही याची खात्री करावी. फिरणे, पाणी, खेळ या गरजा भागवाव्यात. त्यानंतर शांततेला बक्षीस द्यावे. कुत्रा दोन सेकंद गप्प बसला की लगेच खाऊ, मग पाच सेकंदांनी, मग दहा. नियम घरातल्या सर्वांचा एकच हवा. भीतीने रडणाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. त्याला जवळ घेतल्याने तो लाडावत नाही. मारणे किंवा विजेचा झटका देणारा पट्टा वापरणे यामुळे आवाज दबेल, पण भीती तशीच राहील.

एकटा राहिला की रडत असेल तर?

बाहेर पडताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवावा. बाहेर पडल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातच तो कासावीस होत असेल, दार ओरबाडत असेल, तर तो एकटेपणाचा धसका समजावा. जाण्याआधी त्याला पुरेसे फिरवून आणावे. एक मिनिट बाहेर जाऊन परत यावे, मग दोन, मग पाच. चावी घेऊन, चपला घालून घरातच बसावे, म्हणजे त्या खुणांचा धाक ओसरतो. याला काही आठवडे लागतात. त्रास तीव्र असेल, तर पशुवैद्य औषधही देतात.

शेजारी आणि कायदा काय म्हणतात?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. मात्र कुत्रा, विशेषतः रात्री, शांत राहावा यासाठी प्रयत्न करावेत, असे त्याच सूचना मालकालाही सांगतात. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे.

म्हणूनच ‘कुत्रा गप्प कसा बसेल’ या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो : दिवसभर घरी कोण असते? पिल्लू घरात आणण्यापूर्वीच तो विचारायला हवा. नऊ-दहा तास बंद फ्लॅटमध्ये ठेवलेला कुत्रा रडतो, तेव्हा त्याची तक्रार रास्त असते. ग्रुपवर संदेश टाकणाऱ्या शेजाऱ्याचीही असते. दोघांचेही उत्तर मालकालाच द्यायचे आहे.