किल्ली पाहुण्याच्या हाती

जुन्या गाड्यांचे संग्रहालय म्हटले की दोरी आणि 'हात लावू नये' ही पाटी ठरलेलीच. इंग्लंडात डर्बीशायरमधल्या अँबरगेटला 2021 साली उघडलेल्या संग्रहालयात मात्र पैसे भरून वडिलांच्या जमान्यातली गाडी स्वतः चालवता येते. रस्ता आवारातला, शेजारच्या सीटवर माहीतगार माणूस. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात असे काही उभे राहावे, असे आम्हाला वाटते. पुणे जवळ, महामार्ग उशाशी आणि चढ-उतार अंगवळणी पडलेले मिस्त्री इथे आहेत.

पण घाटात नाही. वरंध किंवा मांढरदेवीच्या रस्त्यावर फोटो झकास येतील, हे कबूल. पण मॉरिस मायनर या जुन्या इंग्रजी गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर नवख्याचा पाय ब्रेकवरून उठत नाही, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. पेडल कडक लागते आणि गाडी थांबत नाही. शिवाय कायदा आड येतो. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्राने 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. अशी नोंदलेली गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर नेता येते, धंद्यासाठी नाही. म्हणून सपाट, खासगी आवारच हवे.

आता खरी कसोटी. आजचा चालक गाडीत बसला की पहिल्याच वळणावर चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायला जातो. जुन्या गाडीत त्या गिअरला वेग जुळवणारा सिंक्रो नाही. करकर ऐकू येते आणि मालकाचा जीव वर येतो. डबल क्लच त्याला उभ्या गाडीत शिकवा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. वडापची जीप चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरला हे सांगावे लागत नाही. शेजारी बसवायला त्याच्याइतका योग्य माणूस नाही. सुरुवात ॲम्बॅसिडरने करावी, असे आमचे मत. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून निघालेली ही गाडी 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे मायनरपेक्षा तिचे सुटे भाग सहज सापडतात. मायनर नंतर आणा.

पेट्रोलकडेही लक्ष असू द्या. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कचे पॅकिंग खाते; नळ्या आधी बदला. बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे धन टोक बॉडीला, आहे का, ते पाहा. आपल्या सवयीने जोडणी उलट केली की डायनॅमोचा बळी जातो, आणि त्याचे वाइंडिंग करणारा आता शोधावा लागतो.

ज्यांच्या शेडमध्ये चालती इंग्रजी गाडी आणि शेजारी मोकळे मैदान आहे, त्यांनी आम्हाला कळवावे. त्याआधी विमा कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्या: आवारात पाहुणा गाडी चालवत असताना झालेले नुकसान विम्यात धरले आहे की नाही.