धुराला बांध नसतो

परवा सणसरहून इंदापूरला जाताना भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. कुणीतरी पाचट पेटवून निघून गेला होता आणि धूर रस्त्यावर लोळत होता. समोरून आलेली उसाची ट्रॉली अगदी अंगावर आल्यावर दिसली. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून मी नेहमी भांडतो. आज भांडण हवेसाठी आहे.

ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट मागे राहतं. त्यात ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो, नत्र आणि पालाशही असतं. पेटवलं की कर्ब आणि नत्र हवेत जातं आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण माणसाच्या फुफ्फुसात खोल उतरतात. २०१९ साली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला तो शहरांसाठी. त्यात पुणे आहे, आपले फड नाहीत.

पाचट पेटतं त्याच दिवसांत गच्च्यांवर वाळवणं पडतात. कुरडईचा व्याप करणारीलाच माहीत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्याने घालायचा. आमच्या आळीतल्या एका काकूंच्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर या आठवड्यात काजळी उतरली. सगळा घाणा टाकून द्यावा लागला. "बोलणार कुणाला? फड भावकीचाच," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं हे बोलणं मनातून जात नाही. भावकीतल्या कुणी वीतभर बांध कोरला तर आपण मोजणी आणतो, तहसीलला खेटे घालतो, कोर्टात पिढ्या घालवतो. त्याच भावकीचा धूर बांध ओलांडून घरात शिरतो, दम्याची म्हातारी रात्रभर उठून बसते, लहान पोराला वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा मात्र तोंडातून शब्द निघत नाही. खोकला झाला की आपण हवा बदलली म्हणतो आणि गप्प बसतो.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, मजूर मिळत नाही, पाचटात उंदीर आणि साप असतात. पण उपायही दाराशीच आहे. पाचट ठेवून एका फेरीत बुडखे छाटणारं, बगला फोडणारं आणि खत पेरणारं यंत्र माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तयार केलं आहे. ते वेळेवर बांधावर पोचायला हवं. तोडणीचा कार्यक्रम साखर कारखानाच ठरवतो, त्याचा चिटबॉय फडात येतोच. तोडीच्या त्याच यादीत पुढच्या दिवसाची पाचट कुट्टी लावा आणि जो पेटवणार नाही त्याला यंत्र आधी द्या. कारखान्याच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा. आणि काकूंच्या भावकीतल्या कुणीतरी तोवर न थांबता फडाच्या मालकाशी आजच बोलावं.