माळव्याच्या हवेला बोल लावू नका

मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम ठरविण्यासाठी आमच्या समितीची बैठक नुकतीच शाळेत झाली. वक्ता कोण, हार-तुरे कोणी आणावयाचे, मुलांना खाऊ काय द्यावयाचा, हे नेहमीचे विषय आटोपले आणि गप्पा महाराष्ट्राबाहेरच्या मराठीकडे वळल्या. समितीतील एक ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण तुमच्या माळव्यात मराठी टिकली नाही, याला तिथली हवाच कारण. काळी जमीन, तुपात बुडवलेले बाफले, दुपारची झोप आणि गार रात्री. माणूस सुखावला की भाषेसाठी उभा राहत नाही. आम्ही इथे झगडलो म्हणून मराठी राहिली." सगळे हसले, मीही हसले. मात्र रात्री झोप लागेना. माझे माहेर देवास आणि आजोळ धार. लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यात आले त्याला तीस वर्षे झाली आणि जवळजवळ तेवढीच वर्षे मी इथल्या मराठी शाळेत शिकवीत आहे. दोन्ही घरचे मीठ खाल्ले असल्याने या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे वाटते.

आधी हवेबद्दल. माळवा म्हणजे विंध्याच्या माथ्यावरचे पठार, समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे-सहाशे मीटर उंच. धार जिल्ह्यातील मांडवगडाच्या कड्यावर उभे राहिले की खाली निमाडचा प्रदेश आणि नर्मदेचे खोरे दिसते. वर वारा, खाली उकाडा. उन्हाळ्यात दिवसा पारा चाळिशी ओलांडतो हे खरे, पण सूर्य मावळला की पठार लवकर निवते. म्हणूनच बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची नावे उत्तरेत एका दमात घेतली जातात. काळ्या मातीत ओल इतकी टिकून राहते की, पूर्वी पावसाच्या ओलीवरच, पाणी न देता, गहू येत असे. पावलोपावली भाकरी आणि पाणी मिळणारा मुलूख, अशी माळव्याची ख्याती होती. अशा मुलखातील माणूस बोलायला गोड आणि भांडणाला कंटाळणारा असतो, हे मी मान्य करते. पण सुखद हवेने भाषा बुडते असे म्हणावयाचे, तर गरिबांचे महाबळेश्वर म्हणून मिरविणाऱ्या आपल्या बेळगावात मराठी केव्हाच बुडावयास हवी होती!

याच हवेत मराठी दोन-सव्वादोनशे वर्षे नांदली. १७२८ च्या नोव्हेंबरात धारजवळच्या अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरधर बहाद्दर याचा पराभव केला आणि माळव्याची दारे मराठ्यांना उघडली. २०२८ मध्ये त्या घटनेला ३०० वर्षे होतील. पुढे धार पवारांकडे आले. देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला. दप्तरात मोडी होती, वाड्यांत कीर्तने होती. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे मूळ वसईचे, पण ते धारला येऊन स्थायिक झाले आणि धारचेच झाले. आपल्या शेजारच्या कोल्हापूरशीही देवासची सोयरीक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीत दिल्या होत्या आणि १९४७ मध्ये त्याच घराण्यातील विक्रमसिंह पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. शेजारच्या इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. हवा आळशी असती, तर हे सारे कोठून आले असते?

सुळेभावीचा पाहुणा

बेळगावच्या वाचकाला तर माळव्याच्या हवेचे उपकार विसरताच येणार नाहीत. पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ चा, आपल्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकून ऐन विशीत नाव झाले आणि क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. चार-पाच वर्षे गाणे बंद होते, बरीचशी अंथरुणावर गेली. त्या काळी नवेच असलेले स्ट्रेप्टोमायसीन हे औषध, पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि ती हवा, या तिघांनी मिळून तो गळा परत दिला. पडल्या पडल्या कानांवर आलेली माळवी बायकांची गाणी त्यांनी पुढे आपल्या गायकीत घेतली. ते पुन्हा मैफलीत बसले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच, टेकडीच्या पायथ्याच्या आपल्या घरी गेले. कानडी घरातला मुलगा, मराठी माणसांत वावरलेला, माळवी लोकगीतांचा अभ्यासक, एकाच गळ्यातून तुकोबा आणि कबीर गाणारा. देवासने त्यांना तुमची भाषा कोणती, असे विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. याला कोणी सैलपणा म्हणेल, मी मोठेपणा म्हणते.

मग मराठी गेली कोठे?

सहकाऱ्यांचे निम्मे म्हणणे मात्र मला खोडून काढता येत नाही. मराठी खरोखरच ओसरली आहे. माझा भाचा देवासला नोकरी करतो. तो मला आत्या म्हणत नाही, बुआ म्हणतो. गेल्या दिवाळीत त्याने माझ्या आईची, म्हणजे त्याच्या आजीची, जुनी वही काढली. लोणच्यांची प्रमाणे, ओव्या, देणी-घेणी असे बरेच काही त्यात आहे. त्याने एक पान खडाखडा वाचून दाखविले आणि विचारले, "बुआ, इसका मतलब क्या हुआ?" अक्षरे सगळी आली, अर्थ एकाही ओळीचा लागला नाही.

माळव्यातील मराठीचे दुखणे या प्रसंगात आहे. हिंदी आणि मराठी या दोहोंची लिपी एकच. आपल्याकडे मूल कानडी किंवा इंग्रजी शाळेत गेले आणि त्याचे मराठी सुटले, तर चार वर्षांत त्याला मराठी वर्तमानपत्र वाचता येत नाही. तोटा डोळ्यांना दिसतो, घरात बोलणे होते. तिकडे मूल मराठी पाटी वाचते, म्हणून आई-वडील निर्धास्त राहतात. बी.एड. करताना एक निरीक्षण मी वहीत टिपले होते, ते आजही खरे वाटते. हिंदी घेरू लागली की मराठीतले नपुसकलिंग प्रथम जाते, कारण हिंदीत ते नाहीच. 'माझं पुस्तक' याची 'माझी पुस्तक' होते, 'तुझा आवाज' याची 'तुझी आवाज' होते. घरात कोणी सुधारीत नाही, उलट कौतुकाने हसतात. तीन पिढ्यांत लिंग जाते, मग क्रियापद जाते, शेवटी सणाचे पदार्थ आणि आडनाव तेवढे मराठी उरते.

शिवाय तेथे कोणी मराठीवर बंदी घातली नाही. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि सरकारी कामकाज हिंदीत चालले. याबद्दल कोणाशी वैर धरण्याचे कारण नव्हते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, हे सांगणारा राज्यघटनेचा ३५० (क) हा अनुच्छेद आपल्या सीमाभागातील प्रत्येक निवेदनात असतो. माझ्या माहेरच्या माणसांनी त्याचा आधार घेऊन एखादा अर्ज केलेला मी कधी पाहिला नाही. राजा मराठी होता तोवर भाषेची काळजी राजाने घेतली. राजा गेल्यावर ती आपली आपण घ्यावयाची असते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. हा दोष माणसांचा आहे आणि त्या माणसांत मीही आहे.

तळी बुजवणारे आम्हीच

पाण्याच्या बाबतीतही आम्ही अगदी असेच वागलो. धारला साडेबारा तलावांचे गाव म्हणत. देवासलाही लहानमोठी तळी होती. पवारांच्या छत्र्या ज्याच्या काठी आहेत तो मीठा तालाब आजही पाहावयास मिळतो. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. पण नळ आले, कूपनलिका आल्या, १९७० नंतर कारखाने आले, नोटांचा छापखाना आला आणि तळ्यांची गरज कोणाला वाटेना. ती बुजली, त्यांवर घरे उठली. शेतांत सोयाबीन आले, बोअर खोल गेले. अखेर १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मी तेव्हा महाविद्यालयात होते. पावलोपावली पाण्याची ख्याती सांगणाऱ्या गावात आगगाडीच्या टाक्यांची वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या वेळी कोणी आभाळाला दोष दिला असता, तर ते खोटे ठरले असते. आभाळ देत होते, साठविणारे आम्ही हात आखडून बसलो होतो.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. २००६ पासून देवास जिल्ह्यात, तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांनी आपापल्या रानात तळी खोदली. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडावयाचा, अशी ती कल्पना. नाव दिले रेवासागर. बघता बघता अशी हजारो तळी झाली आणि टोंकखुर्दसारख्या कोरड्या भागात रब्बीचे पीक पुन्हा उभे राहिले. ज्याचे रान त्याचे तळे, म्हणून ती निगुतीने सांभाळली गेली.

मराठीच्या बाबतीत आम्ही माळव्यातले अजून आगगाडीचेच पाणी पीत आहोत. गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून नाटक आणावयाचे, संमेलन भरवावयाचे, चार दिवस टाळ्या वाजवावयाच्या. ते वाईट आहे असे नाही. पण घरातले तळे बुजलेले असताना बाहेरून आणलेले पाणी किती दिवस पुरणार?

आपल्या अंगणातले

आता बेळगावकडे येते. आम्ही झगडलो म्हणून मराठी राहिली, हे सहकाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. त्या झगड्याविषयी मला आदर आहे. पण कानडीशी झगडता झगडता मागच्या दाराने कोण आत आले, तेही पाहावयास हवे. ज्या सहकाऱ्यांनी माळव्याच्या हवेला बोल लावला, त्यांची दोन्ही नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. समितीतील बहुतेकांच्या घरी हीच स्थिती आहे. माझीही मुलगी आठवीपासून इंग्रजी माध्यमात होती, हे लपविणार नाही. पोटाचा प्रश्न आहे, इंग्रजी हवीच. पण त्याच घरात संध्याकाळी अर्धा तास मराठी वाचन होते का? आजोबांना नातू पत्र लिहू शकेल का? माझ्या वर्गात यंदा जी मुले आहेत, त्यांतील बहुतेक गवंड्यांची, शेतमजुरांची, हमालांची आहेत. मराठीचा पट त्यांनी सांभाळला आहे आणि भाषा दिनाचे भाषण मात्र ज्यांची मुले दुसरीकडे शिकतात ते आपण करणार आहोत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले. पण अभिजात दर्जा हे आभाळातले पाणी आहे. ते साठविण्याची जागा प्रत्येक घराला आपल्या अंगणात करावी लागेल.

म्हणून पुढील बैठकीत मी एक साधी सूचना मांडणार आहे. २७ फेब्रुवारीला बाहेरचा वक्ता बोलावू नये. समितीच्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एक मूल घेऊन यावे आणि त्या मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातचा एखादा जुना कागद, पत्र किंवा वही सभेत वाचून त्याचा अर्थ सांगावा. ज्यांना अर्थ सांगता येणार नाही, त्यांना कोणी हसू नये. त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी शाळेत वर्ग घेण्यास मी तयार आहे. देवासला भाच्यालाही मी आजीच्या वहीतले एक एक पान अर्थासह लिहून पाठविण्यास सुरुवात केली आहे. परवा त्याचे दोन ओळींचे उत्तर आले. चार चुका होत्या, 'वही' बरोबर होती, 'पुस्तक' मात्र अजूनही 'माझी'च होते. पण वर लिहिले होते, "प्रिय आत्यास".

माळव्याची हवा कशी आहे ते मला ठाऊक आहे. त्या हवेने एकदा बेळगावचा माणूस वाचविला आहे. तिला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या घरातले काय वाचविले, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा, एवढीच नम्र विनंती.