गुपित कोणाचे, शिक्षा कोणाला?



“पोरीला मावशीकडे पाठवली,” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकले आहे. शाळा अर्ध्यावर सुटते. शेजारणीने विचारलेच तर “तिकडची शाळा चांगली आहे” असे उत्तर तयार असते. खरे कारण सगळ्या आळीला ठाऊक असते. फक्त त्या पोरीला कोणी काही विचारलेले नसते.

या अंकात मी एका अमेरिकन मालिकेविषयी लिहिणार आहे, ती या वाक्यामुळेच. कारण त्या मालिकेची सुरुवातच अशा एका ‘पाठवून दिलेल्या’ मुलीच्या येण्याने होते.

‘डॉसन्स क्रीक’ ही केव्हिन विल्यमसन यांची मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि मे २००३ पर्यंत सहा पर्वांत चालली. मॅसॅच्युसेट्स राज्यातले केपसाइड हे काल्पनिक गाव, खाडीकाठची घरे आणि पंधरा वर्षांच्या आसपासची चार मुले. सिनेमाचे वेड असलेला डॉसन, त्याची लहानपणापासूनची मैत्रीण जोई, मित्र पेसी आणि न्यू यॉर्कहून आजीकडे आलेली जेन. वरवर पाहिले तर पहिल्या प्रेमाची, रुसव्याफुगव्यांची गोष्ट. बारकाईने पाहिले तर प्रत्येक घरात काहीतरी झाकून ठेवलेले आहे. डॉसनच्या आईचे सहकाऱ्याशी संबंध आहेत. ते जोईला डॉसनच्या आधी कळतात आणि ती गप्प बसते. जोईचे वडील अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात आहेत. आई कर्करोगाने गेली आहे. थोरली बहीण लग्नाशिवाय आपल्या कृष्णवर्णीय जोडीदाराबरोबर राहते, तिला बाळ होते. गाव लहान, त्यामुळे कुजबूज मोठी.

पण मला बोलायचे आहे ते जेनविषयी. तिच्या आईवडिलांनी तिला गावी धाडले आहे, कारण ती ‘हाताबाहेर गेली’. पहिल्याच पर्वात ती डॉसनला आपली हकीकत सांगते. बारा वर्षांची असताना एका मोठ्या मुलाने तिला दारू पाजली आणि तिच्याशी संबंध ठेवला. हे ऐकून डॉसनचा चेहरा पडतो. आपली मैत्रीण ‘तशी’ नव्हती असे त्याला वाटत होते! मालिकाही या प्रसंगाला जेनचा ‘भूतकाळ’ म्हणून पुढे जाते. आपण मात्र थांबले पाहिजे. बारा वर्षांच्या, दारू पाजलेल्या मुलीची ती चूक नव्हती, ते तिच्यावरचे लैंगिक अत्याचार होते. ज्याने केले त्याचे नावही मालिकेत येत नाही. गाव सोडावे लागले ते तिला.

पुढच्या पर्वांत या घरातली आणखी दोन गुपिते बाहेर येतात. तिसऱ्या पर्वात कळते की जेनच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती. ती दत्तक देऊन टाकली आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. चौथ्या पर्वात जेनला आठवते की लहानपणी तिने आपल्या वडिलांना त्यांच्याहून खूप लहान असलेल्या एका तरुण मुलीबरोबर पाहिले होते. आता हे तिन्ही धागे जवळ ठेवून बघा. आईने आपल्या कुमारवयाच्या आसपासचे दुःख गिळले. वडिलांचे वर्तन घरात कधी बोललेच गेले नाही. आणि घराबाहेर काढली गेली ती लेक. घराची अब्रू सांभाळायची म्हणजे बाईने आपले दुःख झाकायचे, पुरुषाचे वागणेही झाकायचे आणि त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या मुलीने मोजायची. हे केपसाइडचे गणित आपल्याला अनोळखी आहे का?

पेसीची कथाही विसरता येत नाही. पंधरा वर्षांच्या या मुलाशी त्याची शिक्षिका संबंध ठेवते. गोष्ट शाळेत पसरते, चौकशी बसते, आणि तिला वाचवण्यासाठी तो सांगतो की हे सारे मीच रचले. ती गाव सोडून जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये संमतीचे वय सोळा आहे, म्हणजे हा तिथेही गुन्हाच. पण मालिका त्याला हळुवार संगीताच्या साथीने प्रेमकथा म्हणून मांडते. मुलगा आहे, मग त्यात काय बिघडले, हा विचारही पितृसत्तेचाच. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलालाही मुलीइतकेच संरक्षण दिले आहे. मुलग्यांविषयी बोलताना आपल्याच गटांत हशा पिकतो, तेव्हा हे आठवावे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. समाजकार्याची पदवी घेऊन नुकती कामाला लागले होते तेव्हा एक आई आपल्या नववीतल्या मुलीची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली. वर्गातल्या मुलाला लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी. घरात बाप मारायला उठला होता. मी त्या आईला म्हटले, “थोडे दिवस आत्याकडे ठेवा, वातावरण निवळू दे.” मला वाटले, मी मुलीला मारापासून वाचवते आहे. वातावरण निवळले. मुलगी शाळेत परत आली नाही. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बातमी कानावर आली, तेव्हा लक्षात आले की मी आईशी बोलले, बापाविषयी बोलले, पण त्या मुलीशी पाच मिनिटेही बोलले नव्हते. ‘पाठवून देणे’ हा तोडगा मी कुटुंबाला माझ्या हाताने दिला होता.

म्हणूनच या मालिकेतली एक व्यक्ती मला महत्त्वाची वाटते: जेनची आजी. ती देवभोळी आहे, कडक आहे, सुरुवातीला नातीला रोज प्रार्थनेचे धडे देते. पण ती नातीला घरातून काढत नाही. भांडते, ऐकते, स्वतः बदलते. पुढे जेन शिकायला बोस्टनला जाते तेव्हा आजीही तिच्याबरोबर राहायला जाते. पाठवलेल्या मुलीला ऐकणारे एक माणूस भेटले तर काय होते, ते या दोघींत दिसते. प्रत्येक वस्तीत अशी एखादी आजी, काकू, अंगणवाडीताई असते. तिला शोधणे हे आपले काम आहे.

शेवटच्या भागात जेन एका लहान मुलीची एकटी आई आहे आणि हृदयविकाराने तिचा मृत्यू होतो. चौघांपैकी मरण आले तेही नेमके हिलाच, याचा मला राग येतो. ‘बिघडलेली’ मुलगी कथेच्या शेवटी मरते, हा रिवाज आपल्या सिनेमांनाही नवा नाही. पण जाण्यापूर्वी ती आपल्या लेकीसाठी चित्रफितीवर मनातले बोलून ठेवते. तिची आई जे कधी करू शकली नाही, ते ती करते.

मरणाची वाट न पाहता हे बोलणे आपल्या घरांत कसे सुरू होईल? माझी सूचना साधी आहे. किशोरींच्या आणि त्यांच्या आयांच्या बैठका आपण वेगवेगळ्या घेतो. वर्षातून एक तरी एकत्र घेऊ या. मुली फोनवर ज्या मालिका पाहतात त्यांतलाच एखादा प्रसंग घ्यावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: इथे गुपित कोणाचे आहे? ते कोणासाठी झाकले जाते आहे? आणि शिक्षा कोणाला होते आहे? आधी मुलींना बोलू द्यावे. आया बोलतील तेव्हा कदाचित त्यांच्या स्वतःच्या पंधराव्या वर्षाची गोष्ट बाहेर येईल. ती आली तर घाईने उपदेश करू नये.

आणि पुन्हा कोणी “तिला पाठवून देऊ का?” असे विचारायला आले, तर उत्तर देण्याआधी मुलीला आत बोलवावे. तिच्यासाठी खुर्ची ठेवावी. मी आता तसे करते.

तुमच्या बैठकांत काय घडले ते जरूर कळवा.

तुमची,
संपादक