पुस्तक घेण्याआधी विंडोज पाहा

गावोगाव आता सोसायटीत, दूध संस्थेत, शेतकरी गटाच्या खोलीत संगणक आले. त्यापुढे घरातलीच बारावी झालेली सून नाहीतर मुलगा बसतो. मग बाजाराच्या दिवशी तालुक्याहून ‘संगणक शिका’ छापाचं एखादं पुस्तक आणलं जातं. घेताना किंमत पाहतात, चित्रं किती ते पाहतात. पण आपल्या संगणकात विंडोज कोणती आणि पुस्तक कोणत्या विंडोजचं, हे कोणी विचारीत नाही.

जिरायत कपाशीची खताची मात्रा बागायतीला द्या, असं सांगितलं तर शेतकरी आम्हाला वेड्यात काढील. पीक तेच, शिफारस वेगळी. विंडोजचंही असंच आहे.

मराठी टायपिंगचंच घ्या, कारण गटाचे ठराव, बँकेचे अर्ज सारे मराठीत. २००१ सालच्या विंडोज एक्सपीत मराठी सुरू करायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि बहुधा विंडोजची सीडी घालायची. २००९ च्या विंडोज ७ मध्ये सीडीची कटकट गेली, वाट मात्र कंट्रोल पॅनेलचीच राहिली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये हे काम ‘सेटिंग्ज’मधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’खाली आलं, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिक कळफलकही मिळाला. एक्सपीचं पुस्तक उघडून विंडोज १० वर शिकणारी सून सीडी शोधत बसते. संगणकाला सीडीची खाचसुद्धा नसते! मग “मला नाही जमायचं” म्हणून ती उठते, आणि गटाचे कागद पुन्हा पानामागे पैसे मोजून तालुक्याला टाइप होतात. बाईची उमेद जाते ती वेगळीच. यात तिचं काय चुकलं?

बरं, नवं तेच चांगलं असंही नाही. २०२१ च्या विंडोज ११ चं पुस्तक विंडोज १० वाल्याला तितकंच अडखळवतं, स्टार्टचं बटणसुद्धा कोपऱ्यातून मधे गेलंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर ११ चढत नाही. तेव्हा संगणक बदलायचा विचार असेल तर तो आधी ठरवावा, पुस्तक मागाहून घ्यावं.

आपली विंडोज कोणती हे पाहायला पैसे लागत नाहीत. कळफलकावरचं विंडोजचं बटण दाबून धरा, सोबत आर दाबा. चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं लिहून एंटर मारा. नाव आणि आवृत्ती समोर येते. ती चिठ्ठीवर उतरवून दुकानात न्या आणि पुस्तकातली चित्रं आपल्या पडद्यासारखी आहेत का ते पाहा.

प्रशिक्षणात पुस्तिका वाटणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. वाण आणि तारीख नसलेली बियाण्याची पिशवी आपण घेऊ देत नाही. मग पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर विंडोजची आवृत्ती आणि छपाईचं साल का नसावं? एका ओळीचा तर खर्च.

जुनी पुस्तकं घरात असतील ती मात्र रद्दीत घालू नका. एक्सेलमधलं बेरजेचं सूत्र आणि कंट्रोलसोबत सी, व्ही दाबून नक्कल करणं आजही तसंच चालतं. तेवढी पानं वापरा.